स्त्रीबीज एकटे वाढत नाही

"डॉक्टर, सुनेचा रिपोर्ट कमी आलाय. हिची बीजं संपली म्हणायची का?" ए.एम.एच. तपासणीचा कागद पुढे करून सासूबाई विचारतात. शेजारी बसलेली सून मान वर करीत नाही. असा प्रसंग अलीकडे दवाखान्यात वारंवार येतो. त्या कागदावरील आकड्याचा अर्थ समजायचा, तर स्त्रीबीज कसे वाढते हे आधी पाहिले पाहिजे.

जन्माबरोबर आलेली शिदोरी

मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या दोन्ही बीजांडकोशांत मिळून सुमारे ६० ते ७० लाख बीजपेशी असतात. जन्माच्या वेळी त्या १० ते २० लाख उरतात आणि ती वयात येते तेव्हा ३ ते ४ लाख. त्यांतील जेमतेम ४०० ते ५०० बीजे आयुष्यभरात पक्व होऊन बाहेर पडतात. बाकीची आपोआप विरून जातात. हा कोणताही रोग नसून निसर्गाचा नियमच आहे.

प्रत्येक बीजाभोवती पेशींचे वेष्टन असते. बीज आणि वेष्टन मिळून जे बनते त्याला पुटक किंवा डॉक्टरांच्या भाषेत फॉलिकल म्हणतात. सोनोग्राफीत मोजतात ते हेच.

शेजाऱ्यांचा निरोप

मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीतून येणारे संप्रेरक म्हणजे हार्मोन बीज वाढवते, असे आपण वाचतो. ते खरे आहे, पण मुख्यतः शेवटच्या टप्प्यापुरते. झोपलेले पुटक जागे होऊन पक्व व्हायला कित्येक महिने लागतात. त्यातील सुरुवातीची वाटचाल 'वाढघटक' नावाच्या प्रथिनांवर चालते. संप्रेरक रक्तातून दूरवर जाते, ते रेडिओवरील बातमीसारखे. वाढघटक म्हणजे भिंतीपलीकडच्या शेजारणीला दिलेला निरोप. एका पेशीने सोडायचा आणि जवळच्या पेशीने ऐकायचा.

हा निरोप दोन्ही बाजूंनी जातो. वेष्टनातील पेशी 'किट लिगँड' हा घटक सोडून बीजाला वाढायला सांगतात. बीजही गप्प बसत नाही. ते जी.डी.एफ.-९ आणि बी.एम.पी.-१५ हे घटक सोडून भोवतालच्या पेशींना वाढायला लावते. १९९६ मध्ये शास्त्रज्ञांनी जी.डी.एफ.-९ तयार न करू शकणारे उंदीर तयार केले. त्यांच्या माद्यांत पुटकांची वाढ पहिल्याच पायरीवर अडली व त्या वांझ राहिल्या.

वाढीला जसा रेटा लागतो तसा लगामही लागतो. ए.एम.एच. हा तो लगाम. वाढीला लागलेली छोटी पुटके हा घटक सोडून झोपलेल्यांना जणू सांगतात, "थांबा, सगळ्यांनी एकदम उठू नका." ज्या उंदरांत हा घटक नव्हता, त्यांचा बीजसाठा लवकर संपला, असे १९९९ मध्ये दिसून आले.

मेंढ्यांनी शिकविलेला धडा

न्यूझीलंडमधील इन्व्हर्डेल मेंढ्यांत बी.एम.पी.-१५ च्या जनुकात बदल झालेला आहे. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीत बदल असेल तर मेंढीला जास्त कोकरे होतात. दोन्हींत असेल तर ती वांझ होते. म्हणजे निरोप थोडा कमी झाला तर जास्त बीजे पिकतात, आणि पूर्ण बंद झाला तर एकही पिकत नाही!

दुसरे उदाहरण आपल्याच भागातले. दख्खनी मेंढीला सहसा एका वेळी एकच कोकरू होते. सुंदरबनातील लहानखुऱ्या गरोल मेंढीला मात्र बहुधा जुळी होतात. याचे कारण 'फेक-बी' हे जनुक. त्याच्यामुळे वाढघटकाचा निरोप ऐकणाऱ्या पेशींच्या 'कानात' थोडा फरक पडतो. मग पुटके लहान असतानाच पिकतात व एकाऐवजी दोन-तीन बीजे सुटतात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने हे जनुक संकरातून दख्खनी मेंढ्यांत आणले आणि जुळी देणारी 'नारी सुवर्णा' मेंढी तयार केली.

मग त्या रिपोर्टचे काय?

ए.एम.एच. छोट्या पुटकांतून येत असल्याने त्याच्या प्रमाणावरून उरलेल्या बीजांच्या संख्येचा अंदाज येतो. बीजाचा दर्जा त्यातून कळत नाही. तो मुख्यतः वयावर अवलंबून असतो. म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) आकडा कमी म्हणजे मूल होणारच नाही, असे नाही. गर्भ राहायला एकच चांगले बीज पुरते. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात इंजेक्शनांनी किती बीजे मिळतील, याचा अंदाज घ्यायला ही तपासणी विशेष उपयोगी पडते.

२) आकडा जास्त म्हणजे सर्व उत्तम, असेही नाही. पी.सी.ओ.एस. या विकारात अनेक पुटके अर्धवट वाढून अडकतात, त्यामुळे आकडा फुगतो.

३) गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना आकडा कमी येऊ शकतो. गोळ्या घेत असल्यास डॉक्टरांना सांगा.

४) वाढघटकांच्या नावाखाली स्वतःच्या रक्तातील प्लेटलेट्स बीजांडकोशात टोचण्याच्या जाहिराती दिसतात. हा उपाय अजून सिद्ध झालेला नाही. पैसे भरण्यापूर्वी दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्या.

५) पस्तिशीच्या आत असाल तर वर्षभर आणि पस्तिशीनंतर सहा महिने वाट पाहून तज्ज्ञांना भेटा. पाळी अनियमित असेल तर त्याआधीच जा.

६) मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषातील दोषाचाही वाटा असतो. नवऱ्याची वीर्यतपासणी सोपी व स्वस्त आहे. ती सुरुवातीलाच करावी.

तेव्हा सासूबाई, बीजं संपली असं या एका कागदावरून म्हणता येत नाही. पुढच्या वेळी मुलालाही सोबत घेऊन या.