सोलापुरात थाई चवीचा मासा : खर्च किती, मागायचं काय

कोकणात किंवा थायलंडला जाऊन आलेला सोलापूरकर परतल्यावर पहिल्याच रविवारी सुरमई शोधायला निघतो. माझं म्हणणं आहे, चिलापी घ्या. थायलंडमध्ये रस्त्याकडेला मिठात माखून निखाऱ्यावर भाजलेला जो अख्खा मासा मिळतो, तो बहुधा समुद्रातला नसतोच. तो तिलापिया असतो, म्हणजे आपल्या उजनी धरणातल्या चिलापीच्याच कुळातला. नाहीतर मरळ. तिलापियाला तिकडे ‘प्ला निन’ म्हणतात. जपानचे तेव्हाचे युवराज अकिहितो यांनी १९६५ मध्ये राजे भूमिबोल यांना असे ५० मासे भेट पाठवले. राजवाड्याच्या तळ्यात त्यांची पैदास झाली आणि तिथून हा मासा देशभरच्या साध्या घरांत पोचला.

आता पैशांचं. भाव रोज हलतो, पण अंदाजाला चिलापी किलोला १५० ते २०० रुपये धरा, रोहू-कटला त्याच्या थोडं वर, जिवंत मरळ ४०० ते ६०० आणि सुरमई ८०० च्या पुढे. सुरमईच्या भावात किनाऱ्यापासून घाट चढून आलेल्या बर्फाचा खर्च आणि टेम्पोचं भाडंही असतं. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत कुणी ‘कालचीच रत्नागिरीची’ म्हणालं, तर कल्ले उघडून बघा. लालभडक हवेत, तपकिरी नकोत. बोटानं दाबलेला खड्डा लगेच भरून आला पाहिजे. एका जुलैत मी हे न बघता पापलेट घेतलं होतं. तव्यावर पडताच त्याचा भुगा झाला.

वजन साफ करण्याआधी होतं की नंतर, हे भाव ठरवतानाच विचारा. पोट आणि खवले काढले की किलोतला पाव भाग सहज जातो. थाई पद्धतीत मात्र खवले ठेवायचे असतात. ‘खवले काढू नका, फक्त पोट साफ करा’ असं आधीच सांगा, नाहीतर सवयीनं सुरी फिरतेच. मीठ खवल्यांवर बसतं, आतला मासा खारट होत नाही आणि भाजल्यावर कातडी सालीसारखी निघते.

पुणे-पिंपरीचं सांडपाणी भीमेतून उजनीत येतं, ही गोष्ट मला झाकायची नाही. पोटातली घाण पूर्ण काढून घ्या, आतली काळी पातळ त्वचा खरवडून टाका, मीठ-लिंबू चोळून दोन पाण्यांनी धुवा. चिखलाचा वास बराचसा तिथेच जातो.

पोटात गवती चहाचे जाड बुंधे ठेचून भरायचे. पात चालत नाही, बुंधाच हवा. वरून खडे मीठ थोड्या पिठात-पाण्यात कालवून लिंपायचं आणि मंद निखाऱ्यावर उलटत पालटत अर्धा तास भाजायचं. चटणीला हिरवी मिरची, लसूण, लिंबू, थोडी साखर आणि कोथिंबिरीची मुळं. आपल्या मंडईत जुडी मुळांसकट येते आणि आपण तीच कापून फेकतो! थाई स्वयंपाकात त्यांना मान आहे. एक वस्तू विकतच आणावी लागते, ती म्हणजे फिश सॉस. बाटलीला २०० ते ३०० रुपये पडतात, पण ती महिनोन्‌महिने पुरते.

अर्ध्या किलोच्या दोन चिलापी, मीठ-मसाला आणि कोळसा मिळून चौघांचं जेवण ३०० ते ३५० रुपयांत होतं, बाटली वेगळी. हॉटेलच्या यादीत थाई करी दिसली तर फिश सॉस घालता का, आणि वाटण इथलं की पाकिटातलं, एवढं विचारून घ्या. दोन्ही उत्तरं गुळमुळीत आली तर त्या पैशात मरळ आणा.

उजनीच्याच काठी भिगवणला जाऊन मासे खायचे असतील तर ते सोलापूरहून सुमारे १५० किलोमीटर आहे. गाडी लिटरला १५ देत असेल, तर जाऊन-येऊन २० लिटर. १०५ रुपयांनी २,१०० रुपये पेट्रोललाच, टोल निराळा. केवळ माशासाठी ते परवडत नाही. हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला निघालात, तर मात्र दुपारचं जेवण तिथेच करा, आणि येताना बर्फात दोन चिलापी घेऊन या, खवल्यांसकट.