डॉक्टरांनी लिहिलंय का?

चि. अनुजास,


तुला स्लीप क्लिनिकचे चार्ट मिळाल्याचं दादाकडून कळलं. पुण्यात बसून अमेरिकेतल्या पेशंटच्या निदानांचं कोडिंग करताना माणूस कधीच समोर येत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्नियाचा जी४७.३३ हा कोड चार दिवसांत तुझ्या हातात बसेल, आणि तिथेच जपायचं. जोराचं घोरणं, बीएमआय ३८, दिवसा डुलक्या एवढं वाचलं की आपल्या डोक्यात निदान होऊनही जातं. पण ओपीडीच्या चार्टमध्ये डॉक्टरांनी ‘सस्पेक्टेड’ लिहिलं असेल, तर तो कोड लावायचा नाही. लक्षणं कोड कर, घोरण्याला आर०६.८३ आहेच. भरती झालेल्या पेशंटचा नियम उलटा, डिस्चार्जच्या वेळीही ‘प्रोबेबल’ असेल तर आजार आहे असं धरून कोड होतो. त्यामुळे चार्ट कुठला ते आधी बघ.

नुसतं ‘स्लीप ॲप्निया’ असेल तर जी४७.३०. घशाची वाट बंद होते की मेंदूकडूनच श्वासाचा हुकूम येत नाही, हे आपण ठरवायचं नसतं.

एएचआय म्हणजे तासाभरात श्वास किती वेळा थांबला किंवा मंदावला. रिपोर्टात २२ दिसले तरी त्या आकड्यावरून निदान लावू नकोस. स्टडी वाचणाऱ्या डॉक्टरांनी अंतिम रिपोर्टात निदान लिहिलं असेल तर ते घे, तंत्रज्ञाच्या शीटवरचं नको. अडलं तर डॉक्टरांना क्वेरी पाठव, मात्र तिच्यात उत्तर सुचवू नकोस. टार्गेटसाठी क्वेरी टाळणं मला अजिबात पटत नाही. चुकीचं निदान एकदा नोंदीत शिरलं की पुढच्या चार्टांत उतरत राहतं, आणि तो पेशंट पायलट असेल तर मेडिकल सर्टिफिकेटच्या वेळी त्यालाच खुलासा करत बसावं लागतं.

वगळणंही तितकंच वाईट. मेडिकेअर, म्हणजे तिकडचा सरकारी विमा, सीपॅप हे झोपेत श्वासाची वाट उघडी ठेवणारं यंत्र देताना एएचआय १५ किंवा अधिक बघते. ५ ते १४ असेल तर सोबत दिवसाची झोप, रक्तदाब, हृदयविकार असं काही नोंदलेलं लागतं. म्हणून एएचआय ८ असलेल्या माणसाचा रक्तदाब किरकोळ समजून त्याचा आय१० हा कोड सोडू नकोस.

नवजात बाळाचा चार्ट आला तर जी४७ कडे जाऊच नकोस, पी२८.३ खाली शोध. २०२२ च्या १ ऑक्टोबरपासून त्याचे पोटभेद झाले आहेत, जुनी यादी वापरू नकोस. अडलेलं लिहून ठेव, रविवारी फोनवर बघू.

तुझी,
आत्या