दोन रुपयांचे भांडवल

चित्रपट ही कला खरी, पण ती फार खर्चिक कला आहे. कवीचे काम कागद-पेनावर भागते. दिग्दर्शकाला मात्र पहिले दृश्य घेण्यापूर्वीच कोणापुढे तरी हात पसरावा लागतो. आणि ज्याचा पैसा त्याचा शब्द, हा व्यवहाराचा नियमच आहे. म्हणून स्वतंत्र चित्रपटाचा विचार करताना दोन प्रश्न आधी विचारले पाहिजेत : पैसा कोणाचा, आणि चित्रपट प्रेक्षकापर्यंत नेणार कोण? डिजिटल तंत्राने पहिला प्रश्न पुष्कळ सोपा केला. दुसरा मात्र होता तेथेच राहिला, असे मला वाटते. प्रस्तुत लेखात हेच उदाहरणांनिशी मांडले आहे.

पैसा कोणाचा?

आपल्याकडे अशा चित्रपटांचा पहिला मोठा आश्रयदाता म्हणजे शासन. ‘पथेर पांचाली’ (१९५५) पश्चिम बंगाल सरकारच्या पैशाने पुरा झाला. १९६० साली फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन स्थापन झाले व त्याच्या साहाय्याने मृणाल सेन यांचा ‘भुवन शोम’ (१९६९) निघाला. महाराष्ट्र शासन मराठी चित्रपटांना अनुदान देते, परंतु ते चित्रपट पूर्ण होऊन त्याचे परीक्षण झाल्यावर. म्हणजे विहिरीला पाणी लागल्यानंतरची ती मदत. खणण्याचा खर्च ज्याचा त्यानेच करायचा.

दुसरा मार्ग लोकवर्गणीचा. श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’साठी (१९७६) गुजरातच्या सहकारी दूध संघांतील पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले, ही हकीकत बहुतेकांना ठाऊक असते. पण तिचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा आहे. हेच शेतकरी पुढे गावोगावहून ‘आपला’ चित्रपट पाहण्यास लोटले. दोन रुपयांत भांडवल आले, तसा प्रेक्षकही आला. केरळात जॉन अब्राहम व त्यांच्या ‘ओडेसा’ मंडळींनी लोकांकडून पैसे जमवून ‘अम्मा अरियान’ (१९८६) काढला आणि तो गावोगाव फिरून लोकांनाच दाखवला.

डिजिटल युगात वर्गणीची ही पेटी संगणकावर आली. कन्नड दिग्दर्शक पवन कुमार यांनी ‘लुसिया’साठी (२०१३) इंटरनेटवरून आवाहन केले आणि शंभरावर लोकांकडून सुमारे पन्नास लाख रुपये उभे केले. शिवाय फिल्मची महागडी रिळे गेली, छायाचित्रणाचा व संकलनाचा खर्च उतरला. आता कोणीही चित्रपट काढू शकतो, असे म्हटले जाऊ लागले. ते बऱ्याच अंशी खरेही आहे.

पाहणार कोण?

परंतु काढलेला चित्रपट दाखवायचा कोठे? पूर्वी प्रत्येक चित्रपटगृहासाठी वेगळी प्रिंट काढावी लागे. आता तो खर्च गेला. पण डिजिटल प्रक्षेपणाची यंत्रणा पुरवणाऱ्या कंपन्यांचे शुल्क आले आणि जाहिरातीचा खर्च तर वाढतच गेला. त्यातून मिळालेला खेळ भर दुपारचा असेल, तर नोकरदार माणूस येणार कसा?

हिशेबाची रीतही लहान चित्रपटाच्या मुळावर येणारी आहे. २००९ साली हिंदी निर्माते-वितरक व मल्टिप्लेक्सचालक यांच्यात जो समझोता झाला, त्यात वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० टक्के असा उतरता ठरला. मोठ्या नटांचा चित्रपट पहिल्या तीन दिवसांतच गल्ला भरतो. त्याला ही उतरंड बाधत नाही. लहान चित्रपट मात्र एकाने दुसऱ्याला सांगून चालतो. त्याचा प्रेक्षक तिसऱ्या आठवड्यात जमू लागतो तेव्हा वाटा घटलेला असतो. अर्थात तोवर तो पडद्यावर टिकला तर!

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ची (२०१४) वाटचाल या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. त्याला रॉटरडॅमच्या ह्यूबर्ट बाल्स निधीचे साहाय्य मिळाले व विवेक गोम्बर यांनी निर्मितीचा भार उचलला. व्हेनिसचे पुरस्कार आणि राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळवून २०१५ साली तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. ताम्हाण्यांचा पुढचा ‘द डिसायपल’ २०२१ साली नेटफ्लिक्सवर आला व एकाच दिवशी जगभर पोहोचला. हा मार्ग मोठाच. पण तेथेही दारावर खरेदीदार बसलेला आहे. कोणता चित्रपट घ्यायचा हे तो ठरवतो. आणि स्वतःच चित्रपट इंटरनेटवर ठेवला, तर हजारो चित्रपटांच्या गर्दीत तो शोधणार कोण?

‘शिप ऑफ थिसियस’च्या (२०१३) वेळी एक निराळी युक्ती योजली गेली. आधी मोजक्या शहरांत प्रदर्शन, आणि इतर गावच्या रसिकांनी फेसबुकवरून मागणी नोंदवायची. ‘मंथन’चेच सूत्र येथे नव्या रूपात दिसते : प्रेक्षक आधी जमवा, मग खेळ लावा.

सारांश

तंत्राने चित्रपट स्वस्त केला, प्रेक्षक दिला नाही. तो संघटित करावा लागतो, आणि हे काम एकट्या निर्मात्याचे नव्हे. फिल्म सोसायटीच्या चळवळीने ते एके काळी केले. मुंबईचे ‘प्रभात चित्र मंडळ’ १९६८ पासून या कामात आहे. आपल्या महाविद्यालयात सभागृह आहे, प्रोजेक्टर आहे, विद्यार्थीही आहेत. निर्मात्याची रीतसर परवानगी घेऊन व प्रत्येकी माफक वर्गणी काढून महिन्याला एक चित्रपट दाखवणे आपल्याला अशक्य नाही. ही वर्गणी निर्मात्याच्या हाती पोहोचली पाहिजे, एवढे पथ्य मात्र पाळावे. मोबाईलवर आलेली चोरटी प्रत पाहून मराठी चित्रपट चालत नाहीत म्हणून हळहळण्यात अर्थ नाही. गुजरातच्या शेतकऱ्याने दुधाच्या पैशातून दोन रुपये काढून दिले. आपण चहाच्या पैशातून काय काढतो, यावर उद्याचा स्वतंत्र चित्रपट अवलंबून आहे.