ताजीन घ्यावे का? मोहाच्या खरेदीचा हिशोब

मोबाइलवर कोणीतरी शंकूच्या आकाराचे झाकण उचलते, वाफेचा लोट निघतो आणि आपल्याला वाटते, हे भांडे आपल्याकडेही हवे. मोरोक्कोतल्या या मातीच्या भांड्याला ताजीन म्हणतात; त्यात शिजवलेल्या पदार्थाचे नावही तेच. पैसे भरण्यापूर्वी जरा थांबा.

भांड्याची करामत साधी आहे. वाफ उंच झाकणाला लागून थंडावते आणि पाणी होऊन परत खाली येते. त्यामुळे कोळशाच्या मंद आचेवर, थोड्याशा पाण्यात मांस व भाज्या दोन-तीन तासांत मऊ शिजतात. मोरोक्कोत रोजच्या स्वयंपाकाचे ताजीन साध्या भाजलेल्या मातीचे असते. फेज आणि साफी ही शहरे रंगीत, नक्षीदार भांड्यांसाठी प्रसिद्ध आहेत. पण त्यांतली बरीच भांडी वाढण्यासाठी किंवा शोभेसाठी असतात. आपल्याला भुरळ पडते ती बहुधा याच नक्षीची! काही चकाकत्या लेपांत शिसे असते आणि टोमॅटो, लिंबासारख्या आंबट पदार्थात ते उतरू शकते. म्हणून ‘स्वयंपाकासाठी सुरक्षित’ असे विक्रेत्याने लेखी दिल्याशिवाय असे भांडे चुलीवर ठेवू नका.

आता खर्च. समजा, किंमत 3,200 रुपये आहे. घरपोच आणण्याचे 200. गॅसची ज्योत थेट लागली तर माती तडकते, म्हणून खाली ठेवायला लोखंडी चकती, 600 रुपये. झाले 4,000. परदेशातून मागवले तर सीमाशुल्क वेगळे लागू शकते. तुमच्याकडे इंडक्शन शेगडी असेल तर विषयच संपला, त्यावर माती तापत नाही.

वर्षभरात 40 वेळा वापरले तर एका वेळचा खर्च 100 रुपये पडतो. आठव्या वेळी गरम भांड्यात थंड पाणी ओतले आणि ते तडकले, तर तोच खर्च 500 रुपये होतो. तासन्‌तास जळणारा गॅस यात धरलेलाच नाही. तेव्हा स्वतःला विचारा: मागच्या महिन्यात किती दिवस तुम्ही दोन तास मंद आचेवर काही शिजवले?

‘बिनव्याजी’ हप्त्यांवर घेत असाल तर प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा जीएसटी आधी विचारून घ्या.

आमचा सल्ला असा. घरातल्या जाड बुडाच्या पातेल्यात किंवा कुंभाराकडच्या मातीच्या हंडीत, घट्ट झाकण ठेवून तोच पदार्थ तीन-चार वेळा करून पाहा. सोबत बँकेत दरमहा 650 रुपयांची सहा महिन्यांची आवर्ती ठेव सुरू करा. मुदत संपेल तेव्हा 3,900 रुपये आणि वर थोडे व्याज हाती येईल. तोवर हंडी वारंवार चुलीवर चढत असेल, तर ताजीन खुशाल घ्या. पण घेताना बोटाने टिचकी मारून पाहा. आवाज बद्द आला, तर आत तडा असू शकतो.