पहिली चिठ्ठी मालकाची: वहीवरचं किराणा दुकान कॉम्प्युटरवर नेण्याची कृती

तालुक्याच्या गावी बऱ्याच किराणा दुकानांत झाकून ठेवलेला कॉम्प्युटर दिसतो. सॉफ्टवेअरचे पैसे भरलेले असतात, शिकवणारा येऊन गेलेला असतो, आणि हिशोब मात्र लाल वहीतच चाललेला असतो. नोकराला जमलं नाही, असं सांगितलं जातं. माझं मत वेगळं आहे. त्या दुकानात सगळ्यांनी बदलायचं ठरलेलं असतं, गल्ल्यावर बसलेला माणूस सोडून. म्हणून ही कृती मालकासाठी लिहिली आहे.

साहित्य थोडंच लागतं: साधा कॉम्प्युटर, बारकोड स्कॅनर, छोटा थर्मल प्रिंटर, वीज गेली तर चालेल असा इन्व्हर्टर, एक शंभर पानी वही आणि चिठ्ठ्यांचं एक पॅड.

मुहूर्त मात्र नीट पाहा. महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत पगारदारांच्या याद्या येतात, तेव्हा काहीही नवं सुरू करू नका. पितृपक्षात दुकान निवांत असतं, पण लगेच घटस्थापना, दसरा, दिवाळी येते आणि कच्चं शिकलेला माणूस गर्दीत पुन्हा वही उघडतो. संक्रांत झाली की सुरुवात करावी. मिरची-मसाला आणि वर्षाच्या धान्याची गडबड लागण्याआधी हात बसतो आणि १ एप्रिलला नव्या आर्थिक वर्षाची बिलं नव्या क्रमांकानं सुरू करता येतात. लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा करत आलात ती करत राहा, तिच्या आड काहीच येत नाही.

पहिली पायरी ‘नाही’च्या वहीची. कॉम्प्युटर अजून खोक्यातच असू द्या. शंभर पानी वही गल्ल्याशेजारी ठेवा आणि गिऱ्हाइकाला ‘नाही’, ‘संपलंय’, ‘उद्या या’ असं म्हणावं लागलं की प्रत्येक वेळी एक ओळ लिहा. वस्तू काय, वेळ कोणती, एवढंच. मुदत संपून फेकलेला माल आणि लिहायची राहिलेली उधारीही त्यातच येऊ द्या. दोन आठवडे हे केलंत की पैसा कुठून गळतो ते तुमच्याच अक्षरात दिसेल. कुणाचा माल फडताळाच्या मागच्या रांगेत मरतो, कुणाचा रोजचा चहापत्तीचा पुडाच वेळेवर येत नाही, कुणाची उधारी विसरते. यातला सगळ्यात मोठा एकच त्रास निवडा. माल आणि उधारी एकाच महिन्यात हातात घेतली की दोन्ही अर्धवट राहतात. पुढचं मी माल निवडला असं धरून सांगतो, कारण मालाची शिस्त लागली की उधारी सोपी जाते.

मग माणसांशी बोला, आणि यंत्र दुकानात मांडायच्या आधी बोला. पंधरा-वीस वर्षं दुकानात असलेले मामा एखाद दिवशी विचारतातच, ‘‘शेठ, आमच्यावर नजर ठेवायला आणलंय का हे?’’ हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका आणि रागावूही नका. ‘नाही’ची वही त्यांच्यासमोर उघडा आणि सांगा, ‘‘मामा, ही पंधरा दिवसांची वही बघा. गिऱ्हाईक परत गेलं ते माल मागवायला मी विसरलो म्हणून. मशीन माझ्या विसरण्यावर आहे.’’ आणि पगार कमी होणार नाही, कुणाला काढणार नाही, हे खरं असेल तर तोंडानं स्पष्ट म्हणा. खरं नसेल तर हा बदल आत्ता करूच नका. शिकवणारा येईल तेव्हा खुर्चीत पहिले तुम्ही बसा आणि मामांच्या देखत चुका. मालक चुकून पुन्हा करतो हे दिसलं की बाकीच्यांची भीती जाते.

आता मालाची यादी. इथं घाई केली तर पुढचं सगळं बिघडतं. दुकानातली प्रत्येक वस्तू पहिल्याच आठवड्यात भरायचा हट्ट धरू नका, सर्वात जास्त खपणाऱ्या मालापासून सुरू करा. पाकीटबंद मालाचं काम सोपं असतं. स्कॅनर कोड वाचतो. इथल्या बहुतेक कंपन्यांचा कोड ८९० नं सुरू होतो. मात्र एकाच साबणाच्या जुन्या आणि नव्या छपाईवर एमआरपी वेगळी असते, ती दोन्ही वेगळी नोंदवा, नाहीतर गल्ल्यावर वाद होतो. सुट्या मालाला कोड नसतो, त्याला नाव तुम्हीच द्यायचं असतं. हे नाव काउंटरवर जे बोललं जातं तेच असावं. मामा ‘साखर बारीक’ म्हणत असतील तर यादीत ‘शुगर एस ३०’ लिहून उपयोग नाही, त्यांना ती सापडणारच नाही. तूरडाळीच्या तीन प्रती असतील तर ‘तूर साधी’, ‘तूर मध्यम’, ‘तूर फटका’ अशा तीन ओळी करा आणि नावं मामांनाच ठरवू द्या. यादी त्यांच्या तोंडची झाली की ती त्यांची होते.

कराचा रकाना भरताना तुमच्या हिशोबनीसांना शेजारी बसवा. सुट्या डाळीवर जीएसटी नाही, पण २०२२ च्या जुलैपासून तीच डाळ लेबल लावून २५ किलोपर्यंतच्या पाकिटात आली की ५ टक्के लागतो. २२ सप्टेंबर २०२५ ला साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल १८ वरून ५ टक्क्यांवर आलं, तेव्हा यादी नीट असलेल्या दुकानदाराला दर बदलणं सोपं गेलं. तुम्ही कंपोझिशनमध्ये असाल तर गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही आणि छापायचं ते ‘बिल ऑफ सप्लाय’. सॉफ्टवेअरमध्ये ही निवड सुरुवातीलाच बरोबर करून घ्या.

यानंतर मोजणी. रात्री दुकान बंद करून, एकानं मोजायचं आणि दुसऱ्यानं लिहायचं. फोडलेली गोणी अंदाजानं लिहू नका, काट्यावर घाला.

यापुढची पायरी सगळ्यात अवघड. तिच्यासाठी यंत्र लागत नाही, पॅड लागतं. किराणा दुकानात माल बिलाशिवाय सर्वात जास्त कोण नेतं? मालकाचं घर. जाताना दुधाच्या दोन पिशव्या, पाहुणे आले म्हणून बिस्किटं, गल्ल्यातून भाजीला दोनशे, पोराच्या क्लासची फी. आपलंच आहे, लिहायचं कशाला, असं वाटतं. पण संध्याकाळी साठा आणि रोकड जुळत नाही, संशय उगीच काउंटरवरच्या माणसावर जातो, आणि महिन्याभरात कॉम्प्युटर खोटं सांगतो असं सगळे म्हणू लागतात. म्हणून पहिल्या दिवसापासून मालकानं नेलेल्या प्रत्येक वस्तूची, काढलेल्या प्रत्येक रुपयाची चिठ्ठी गल्ल्यात पडली पाहिजे. तारीख, वस्तू किंवा रक्कम, सही. काकू घरातून येऊन साखर घेऊन गेल्या तरी चिठ्ठी. हे घरी आधी सांगून ठेवा, दुकानात चारचौघांत टोकू नका. मी या एका पायरीला बाकी सगळ्या पायऱ्यांहून जास्त मानतो. मालकाची चिठ्ठी गल्ल्यात दिसली की मामा स्वतःहून चहाच्या पैशांची चिठ्ठी टाकतात, त्यांना सांगावं लागत नाही.

पुढचे दोन आठवडे वही आणि कॉम्प्युटर सोबत चालवा. रोज रात्री रोजमेळ घाला: सकाळची शिल्लक, त्यात रोखीची विक्री आणि वसुली मिळवा, रोख काढल्याच्या चिठ्ठ्या आणि रोखीनं दिलेली बिलं वजा करा, मग गल्ला मोजा. यूपीआयची रक्कम वेगळी धरा आणि बँकेच्या नोंदीशी ताडा, पैसे आल्याचं बोलून सांगणाऱ्या पेटीच्या आवाजावर भिस्त ठेवू नका. फरक येईल. तो लिहून ठेवा, खिशातून भरून जुळवू नका, कारण त्याच फरकातून कळतं की कुठली वस्तू यादीत चुकली आहे. फरक किरकोळ होऊन स्थिरावला की वहीतली विक्रीची नोंद थांबवा. जुन्या वह्या मात्र टाकायच्या नाहीत. जीएसटीत नोंदणी असेल तर वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने हिशोब जपावे लागतात.

उधारीची खाती दुसऱ्या टप्प्यात चढवा, आणि चढवण्याआधी प्रत्येक गिऱ्हाइकाला समोरासमोर बाकी सांगा. ‘‘ताई, वहीत एवढे निघतात, तुमच्या हिशोबात बरोबर आहे ना?’’ एवढं विचारलं की पुढचे वाद तिथंच मिटतात. विचारल्याशिवाय मोबाईलवर थकबाकीचा मेसेज धाडलात तर वर्षानुवर्षांचं घर तुटतं. ज्या आजोबांकडे स्वतःची छोटी वही आहे, त्यांच्या वहीत हातानं आकडा लिहून देत राहा.

तीन महिन्यांनी एक तारीख ठरवा. ‘नाही’ची वही पुन्हा दोन आठवडे चालवा आणि पहिल्या वेळच्या ओळींशी ताडून बघा. ओळी कमी झाल्या नसतील तर यंत्र बदलण्याआधी माल मागवायचा दिवस आणि तो मागवणारा माणूस बदलून पाहा. ओळी कमी झाल्या असतील तर भाव बदलायचा पासवर्ड दुकानातल्या आणखी एका माणसाला द्या आणि आठवड्यातला एक दिवस दुकानात जाऊ नका. फोनही करू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी रोजमेळ बघताना फरक दिसला तर आधी विचारा, ‘‘काल काय झालं आणि तुम्ही काय केलंत?’’ त्यांचं पूर्ण ऐकून घ्या, त्यांनी काढलेली वाट चालण्यासारखी असेल तर तीच पुढं ठेवा, आणि मग पुढच्या आठवड्याची सुट्टी कुठल्या वारी घ्यायची ते ठरवा.