उज्र, इबादत आणि दांपत्य : प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर



तहारत ही इबादतीची पहिली पायरी आहे. लघवीच्या शिंतोड्यांबाबत बेपर्वा राहणाऱ्यास कबरीत शिक्षा होते, ही हदीस आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. ती मनावर इतकी ठसलेली असते, की ज्याचा लघवीवर ताबाच उरलेला नाही, असा श्रद्धावंत भयभीत होतो. प्रोस्टेटच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करून घरी परतलेले ज्येष्ठ गृहस्थ मशिदीकडे फिरकत नाहीत, त्यामागे पुष्कळदा हेच भय असते. घरच्यांना वाटते, अशक्तपणा आहे. शेजाऱ्यांना वाटते, दीनाविषयी मन उदास झाले आहे. खरे कारण कोणी विचारत नाही आणि ते सांगतही नाहीत.

येथे प्रथम एक भेद लक्षात घ्यावा. ती ताकीद बेपर्वाईविषयी आहे, आजाराविषयी नाही. अल्लाह तआलाने दीनमध्ये आपल्यावर अडचण लादलेली नाही आणि तो कोणावरही त्याच्या कुवतीपेक्षा अधिक भार टाकत नाही, हा पवित्र कुरआनचा स्पष्ट आशय आहे. हजरत उमर (रजि.) यांनी प्राणघातक जखमेतून रक्त वाहत असतानाही नमाज अदा केली. हजरत इम्रान बिन हुसैन (रजि.) यांना मूळव्याध होती, त्यांना प्रेषितांनी (स.) उभे राहून, ते न जमल्यास बसून, तेही न जमल्यास कुशीवर नमाज पढण्यास सांगितले. आजाराने नमाजचे रूप बदलते, नमाज माफ होत नाही.

दुसरा अडसर लज्जेचा. हया हा ईमानचा भाग आहे. परंतु ती ज्ञानाच्या आड येऊ नये. हजरत अली (रजि.) यांना एक नाजूक शारीरिक मसला विचारायचा होता. प्रेषितांची (स.) कन्या आपल्या घरी आहे, या संकोचाने त्यांनी तो हजरत मिकदाद (रजि.) यांच्यामार्फत विचारला. संकोच राखला, पण प्रश्न दडपला नाही. आपल्यालाही हाच मार्ग मोकळा आहे.

आता शरीरात काय घडते ते पाहू. प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाभोवती असते. वाढलेल्या ग्रंथीचा केवळ आतला भाग खरवडून काढणे ही निराळी शस्त्रक्रिया. कर्करोगात बहुधा संपूर्ण ग्रंथी आणि तिच्यामागील वीर्यकोश काढावे लागतात. लघवी रोखणारा स्नायू तेथेच असल्याने नळी निघाल्यावर खोकताना, शिंकताना, उठता-बसता लघवी गळते. शिश्नाला ताठरता देणाऱ्या नसा ग्रंथीला चिकटून जातात. त्यांनाही इजा पोहोचते. या नसा वाचविण्याची पद्धत अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ साली रूढ केली. तथापि कर्करोग नसांपर्यंत पोहोचला असेल, तर त्या नेहमीच वाचविता येत नाहीत.

गळती बहुतेकांच्या बाबतीत काही महिन्यांत ते वर्षभरात बरीच कमी होते. ताठरता परत येण्यास दीड-दोन वर्षेही लागू शकतात, आणि ती सर्वांना पूर्वीइतकी लाभतेच असे नाही. तेव्हा दुसऱ्या महिन्यातच निराश होणे योग्य नव्हे.

या अवधीतील नमाजचा हुकूम हनफी फिकहनुसार असा. एका नमाजच्या संपूर्ण वेळेत वुजू करून फर्ज नमाज पढण्याइतकीही गळतीविना सवड मिळाली नाही, तर ती व्यक्ती ‘माजूर’ ठरते. पुढे प्रत्येक नमाजच्या वेळेत एकदा जरी गळती झाली, तरी हा उज्र कायम राहतो. एक संपूर्ण वेळ कोरडी गेली की संपतो. माजूर व्यक्तीने प्रत्येक नमाजच्या वेळेसाठी वुजू करावा. त्या वेळेत फर्ज, सुन्नत, नफील, तिलावत सर्व काही करता येते. त्या गळतीने वुजू तुटत नाही. अन्य कारणाने मात्र तुटतो आणि वेळ संपताच संपतो. वस्त्र धुतले तरी नमाज पूर्ण होण्यापूर्वी पुन्हा खराब होणार असेल, तर धुणे आवश्यक नाही. स्वच्छ पॅड बांधून मशिदीत यावे, म्हणजे जमीन पाक राहील. मात्र माजूर व्यक्तीने निरोगी लोकांची इमामत करू नये.

कोकणातील आपले बांधव शाफई आहेत. त्यांच्याकडे वेळ सुरू झाल्यावर प्रत्येक फर्ज नमाजसाठी शरीर धुऊन, पट्टी बांधून, नवा वुजू करावा लागतो.

बसून नमाज पढल्याने गळती थांबत असेल, तर हनफी मतानुसार बसूनच पढावी. अशी व्यक्ती माजूर ठरत नाही. आणि ज्यांची गळती जवळजवळ थांबली आहे, त्यांनी केवळ शंकेने वुजू पुनःपुन्हा करू नये. शंकेने खात्री रद्द होत नाही, हा फिकहचा प्रसिद्ध नियम आहे. आपली नेमकी स्थिती जवळच्या मुफ्तींना सांगून मसला निश्चित करून घ्यावा.

उज्र कमी करण्याचा प्रयत्न करणे हीदेखील जबाबदारी आहे. डॉ. अर्नॉल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये स्त्रियांसाठी मांडलेला ओटीपोटाच्या तळच्या स्नायूंचा व्यायाम येथे उपयोगी पडतो. वायू रोखताना जो स्नायू आपण आत ओढतो, तोच काही क्षण आवळावा आणि तितकाच वेळ सैल सोडावा. श्वास रोखू नये. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. शस्त्रक्रियेपूर्वीच हे शिकून घ्यावे. नळी असताना करू नये. रुकूत जाताना व सजद्यातून उठताना तो स्नायू आधी आवळला, तर गळती कमी होते. ही हालचाल आतली असल्याने नमाजमध्ये व्यत्यय येत नाही. गळतीच्या भीतीने पाणी तोडू नये; दाट लघवी मूत्राशयाला अधिक चेतवते. आपल्या राहाता तालुक्यात लोणी येथे प्रवरा संस्थेचे रुग्णालय व फिजिओथेरपीचे महाविद्यालय आहे. पुणतांबा परिसरातील रुग्णांनी तेथे चौकशी करावी. उपचारापुरते डॉक्टरांसमोर सतर उघडणे शरीयतने गरजेच्या मर्यादेत जायज ठरविले आहे.

आता दांपत्याविषयी. पवित्र कुरआनने पती-पत्नींना परस्परांचे वस्त्र म्हटले आहे. वस्त्र झाकते, ऊब देते आणि जखमेला सर्वांत जवळ असते. शस्त्रक्रियेनंतर पुष्कळ पती अंथरूण वेगळे करतात, बोलणे तोडतात. पत्नीला वाटते, आपण नकोशा झालो. हे मौन आजाराहून अधिक इजा करते. पतीने स्पष्ट सांगावे, पत्नीने धीर द्यावा. शक्य तर दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावे. गोळ्या, निर्वात पंप, इंजेक्शन असे उपाय आहेत आणि पती-पत्नीच्या नात्यात ते घेणे जायज आहे. मात्र हृदयविकारासाठी नायट्रेटची औषधे चालू असणाऱ्याने ताठरतेच्या गोळ्या घेणे प्राणावर बेतू शकते. म्हणून बाजारातील ‘ताकदीच्या’ पुड्या मुळीच घेऊ नयेत. वीर्यकोश काढल्याने वीर्य येत नाही. तरीही समागम झाल्यास दोघांवर गुस्ल फर्जच आहे. अपत्याची इच्छा असेल, तर शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांशी बोलावे. समागम शक्य नसला तरी स्पर्श, सोबत व मायेचे दोन शब्द यांवर कोणतीही बंदी नाही.

शेवटची गोष्ट मशिदींच्या विश्वस्तांसाठी. वुजूखान्याजवळ बसण्याच्या शौचकुपाची एक खोली, कडी असलेले दार, पाण्याचा नळ आणि झाकणाची कचरापेटी, एवढ्याने एखादा ज्येष्ठ पुन्हा जमातीत येऊ शकतो. आणि जो मागच्या सफेत, दाराजवळ खुर्चीवर बसतो, त्याला कारण विचारू नये. सलाम करून जागा द्यावी.

अल्लाह तआला सर्व रुग्णांना शिफा, त्यांच्या जोडीदारांना सब्र आणि आपणा सर्वांना परस्परांचे दोष झाकण्याची तौफीक देवो. आमीन.