पत्रा घेण्याआधी

परळीच्या वैजनाथाला भाविक बेल वाहतात. तेच बेलपान तांब्या-पितळेत करून पाहावं, अशी शहरातल्या एका बाईंना हौस. दुकानदाराने "पितळच आहे" म्हणून दिलेला चकचकीत पिवळा पत्रा त्या घरी घेऊन आल्या. पहिल्याच पानाच्या कडेवर कानस फिरवली, तर मुलाम्याखालून करडं लोखंड दिसलं. पावसाळ्यात त्या कडांना गंज चढला.

तेव्हापासून खरेदीला निघताना त्यांच्या पिशवीत लोहचुंबक असतं. चुंबक चिकटलं की आत लोखंड आहे हे नक्की. नाही चिकटलं, तरी तेवढ्यावर भागत नाही, कारण सोनेरी रंग दिलेलं अ‍ॅल्युमिनियमही चुंबकाला दाद देत नाही. मग पत्रा हातात तोलायचा. एक घनसेंटिमीटर तांबं ८.९६ ग्रॅम भरतं, पितळ साधारण साडेआठ, अ‍ॅल्युमिनियम अवघं २.७. दुकानदाराला विचारून कोपरा जरासा घासला, की उरलासुरला संशयही फिटतो.

जाडी मागताना गेज नको, मिलिमीटर सांगा, असं त्या नवशिक्यांना बजावतात. ब्रिटिश मापातला २४ गेज ०.५६ मिलिमीटरचा, अमेरिकी मापातला ०.५१ चा, परदेशी व्हिडिओ पाहून काम करणाऱ्याचा इथेच घोळ होतो. माल किलोवर मिळतो, तेव्हा वजनाचा अंदाजही आधीच बांधावा. तीस सेंटिमीटर लांब-रुंद आणि अर्धा मिलिमीटर जाड तांब्याचा पत्रा सुमारे ४०० ग्रॅम भरतो.

बेलपानाला एवढी जाडी पुरते. पान लाकडी ठोकळ्यावर उलटं ठेवायचं आणि बोथट छिन्नीने हलके ठोके देत शिरा उठवायच्या. ठोके पडतील तसं तांबं कडक होत जातं. तरीही रेटलं तर शिरेवरच चीर जाते. पान दाद देईनासं झालं की मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवावं. पोलादाच्या उलट, तांबं यानं मऊ पडतं. पुण्याच्या तांबट आळीतलं मठारकामही तांब्याच्या याच स्वभावावर चालतं. तापवल्यावर धरलेला काळा थर चिंच-मिठाने निघतो.

पितळ तापवताना हात आखडता घ्यावा. त्यातलं जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं. फार तापवलं तर धूर होतो. जस्ताचा मुलामा असलेला पांढरट पत्रा तर कधीच तापवू नये. तो धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. खिडकी उघडी ठेवली म्हणून हा धोका टळत नाही.

तांब्याच्या आणि पितळेच्या कातरणी त्या वेगवेगळ्या डब्यांत ठेवतात. मोडीत दोन्हींचा भाव वेगळा असतो, आणि मिसळलेल्या ढिगाला तांब्याचा भाव कुणी देत नाही.